वीण झाकायची नाही

दादा रंग आणायला गेला होता. मी आमच्या गाड्या रंगवायच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून जेवणाचा डबा उघडणार, एवढ्यात शटरखालून रजईत गुंडाळलेलं काहीतरी आत सरकलं. पाठोपाठ दोन ओले पाय... आणि मग त्या पायांचा मालक.

"मालक आहेत?"

"मालकांची बहीण आहे. चालेल?"

"पळेल!" तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

केसांतून पाणी टिपकत होतं, अंगाला क्लोरीनचा वास. पलीकडच्या तलावावर तो पोहायला शिकवायचा. रजईतून निघालं गाडीचं कार्बन फायबरचं बॉनेट. काळ्या धाग्यांची तिरकी, सुरेख वीण, पण वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, उन्हानं पिवळा पडून त्याचे पापुद्रे सुटले होते.

"घरचे म्हणतात, गाडी भंगारात घाल. बाकीचे गॅरेजवाले म्हणतात, वरून काळा रंग मारतो, काही दिसणार नाही. अहो, पण मला ते दिसायलाच हवंय..."

मी नखानं एक पापुद्रा उचलला. खालचे धागे शाबूत होते.

"ठेवून जा," मी म्हणाले. "वीण झाकायची नाही."

दादा आला तो बॉनेट बघूनच भडकला. "हे काम कुणी घेतलं?"

"मी."

"घासताना जरा हात जड पडला तर धागे कापले जातील, माहितीये ना? तू टेप लाव, गाड्या धू. गनचं काम माझं."

बाबांनी आम्हा दोघांना सारखंच शिकवलं होतं. ते घरी बसल्यावर स्प्रे गन तेवढी दादाच्या एकट्याच्या हातात गेली, ती कशी गेली ते कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी मी विचारलं. दादानं आणलेले रंगाचे डबे फळीवर आदळले. मग म्हणाला, "कर. पण बिघडलं, तर पुन्हा रंगाच्या बूथमध्ये पाय टाकायचा नाही."

"बघू," मी म्हणाले.

शिकवण्या आटोपल्या की पोहणारा रोज यायला लागला. आधी नुसता बघत बसायचा. मग म्हणाला, "मी घासू?"

"पॉलिश पेपर ओला, हात हलका. पाणी पांढरं येतंय तोवर नुसता वरचा थर निघतोय. काळं यायला लागलं की धागे लागले. तिथंच थांबायचं."

"आणि नाही थांबलो तर?"

"तर मी तुम्हाला घासेन."

तो हसत हसत घासू लागला. कडेला पाणी जरा करडं दिसलं. मी झटकन त्याचं मनगट धरलं.

"काळं आलं?" त्यानं विचारलं.

"नाही... पेपरचाच रंग सुटलाय."

"मग हात...?"

"गुपचूप घासा!" मी म्हणाले. हात काढला, पण जरा उशिरानंच.

क्लिअर कोट मारायच्या दिवशी दादा बूथच्या काचेशी हाताची घडी घालून उभा राहिला. पोहणारा त्याला म्हणाला, "माझा यांच्यावर विश्वास आहे हो."

"माझी वकिली नको," मी मास्क चढवत म्हणाले. "बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. चक्क झाला! मला तो तेव्हा फार आवडला.

पहिला थर बसला. दुसराही बसला. तिसऱ्याला, खालच्या वळणावर, हात क्षणभर रेंगाळला आणि एक जाड ओघळ हळूहळू खाली उतरला.

मी बाहेर आले. दादा ओघळाकडे बोट दाखवून म्हणाला, "सांगितलं होतं. दे गन इकडे."

एरवी मी दिली असती.

"नाही देणार. वाळला की ओघळ घासीन आणि पुन्हा मारीन. तुझ्या कामात ओघळ आले, तेव्हा तुला कुणी बूथबाहेर काढलं होतं?"

दादा "घास, घास" असं पुटपुटत निघून गेला.

मी घासलं, पुन्हा मारलं. ते पुरतं कडक होईपर्यंत कुणाला बोटही लावू दिलं नाही, मग चकाकीसाठी बफ फिरवला. उन्हात आणल्यावर त्या काळ्या धाग्यांवरून उजेड असा घसरला की पोहणारा नुसता बघतच राहिला. दादा वाकला, कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. खोट काही सापडेना. "मागं उभ्या गाडीचा बंपरपण तूच मार," एवढंच म्हणाला.

आम्ही बॉनेट गाडीवर चढवत होतो. एक बाजू पोहणाऱ्यानं धरलेली, दुसरी मी. दादाला राहवलं नाही.

"काम तर संपलं. आता हा रोज रोज कशाला येणार?"

पोहणारा गोरामोरा झाला. "मी... म्हणजे... ते..."

"माझ्यासाठी येणार," मी म्हणाले. "मला आवडतो तो. मीच बोलावणार आहे."

दादा आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिला. बॉनेटची पलीकडची बाजू एकदम खाली कलली.

"खरंच...?" पोहणाऱ्यानं हळूच विचारलं. "म्हणजे मीही कधीपासून... पण तुम्ही..."

"तू म्हण," मी म्हणाले. "आणि नीट धर रे! पडलं ना, तर पुढच्या वेळी सगळं तुलाच घासायला लावीन."