आधी समोरच्याचं म्हणणं

पातेल्यावरचं झाकण खडखडलं... आणि ओसरीवरची ती जीवघेणी शांतता मोडली.

बाहेर ग्रामपंचायतीची बैठक होती. वावटळीत चावडीचे पत्रे उडून गेले होते, म्हणून सत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात बैठका आमच्या ओसरीवर भरत. माझे वडील, तात्या, सरपंच होते. आरडाओरडा तर दर खेपेला ठरलेलाच. मागच्या बैठकीत काकासाहेबांनी, गावातल्या जुन्या मेंबरांनी, पाण्याचा तांब्या भिरकावला होता. तात्यांच्या भुवईवर त्याची खूण अजून ओली होती. आज त्याच काकासाहेबांनी ओढ्यापलीकडच्या वरच्या वाडीच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला आणि एकदम सगळे गप्प झाले. आता काय उडतंय, एवढंच बघायचं राहिलं होतं. चुलीपाशी मी श्वास धरून उभी... आणि नेमका तेव्हाच चहा उकळून वर आला!

"चहाला कायतरी बोलायचं हाय जनू," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "त्याचं तरी ऐकून घ्या, मंडळी."

हशा पिकला. हातातल्या काठ्या भिंतीला टेकल्या.

मी कपबश्या घेऊन बाहेर गेले, तेव्हा तो बोलणारा दिसला. वाडीतून नव्यानं निवडून आलेला गहिनीनाथ. सावळा, उंच, सदऱ्याच्या कोपरावर रफू केलेलं. त्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "लई गोड." कपाकडं बघून म्हणाला असता तर मी ऐकून सोडून दिलं असतं...

त्याच दिवशी त्यानं एक अट घातली.

"सरपंच, माझं एक मागनं हाय. ज्याला दुसऱ्याचं बोलनं खोडायचंय, त्यानं आदी त्याचं म्हननं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा 'व्हय, हेच म्हनलो मी' असं म्हनल्याबिगर पुढं बोलायचं न्हाई."

"ही काय शाळा हाय व्हय रं?" काकासाहेब गुरगुरले.

"शाळाच समजा. तुमीच करा सुरुवात. मी काय म्हनलो मगाशी?"

काकासाहेब सरसावून बसले. "ह्यो म्हनतो... की ह्येचं डोकं फिरलंय!"

"असं न्हाई म्हनलो, काकासाहेब."

"मंग कसं म्हनलास?"

"नवी विहीर वाडीत पाडा, असं म्हनलो."

"येकच झालं की ते!"

तात्यासुद्धा हसले. भुवईवरची जखम ताणली गेली, तसे हळूच तिला हात लावून हसले. आणि अट मान्य झाली.

भांडण होतं त्या विहिरीचंच. सरकारकडून गावाला एकच सार्वजनिक विहीर मंजूर झाली होती. गावाला ती मारुतीच्या देवळापाशी हवी होती, वाडीला वाडीत. पावसानं सालोसाल ओढ दिलेली, गावातली जुनी विहीर आटत आलेली. नवी विहीर ज्याच्या दारात, तो जगणार, बाकीचे हंडे घेऊन वणवण करणार... इतकं ते साधं होतं.

बैठका होत राहिल्या. मी दाराआडून ऐकत राहिले. आवाज उतरले होते. समोरच्याचं म्हणणं सांगायचं तर ते नीट ऐकावं लागतं, आणि नीट ऐकताना ओरडता येत नाही. काकासाहेब तर ओठ हलवत दुसऱ्याचं बोलणं पाठ करायचे, परीक्षेला बसल्यासारखे. आणि मी? आई लहानपणीच गेलेली, चहापाण्याचं मीच बघायची. माझा चहा मात्र त्या दिवसांत रोज उतू जायला लागला होता.

मिरजगावच्या बाजारी एकदा एसटी चुकली. निंबाखाली पिशवी टेकवून उभी होते, तर पलीकडं गहिनीनाथ. दोघांच्या मध्ये बाजारातली अख्खी गर्दी... तरी मला वाटलं, सगळे आमच्याकडंच बघतायत. निंबाचा बारीक फुलोरा माझ्या पदरावर झडत होता. आभाळ भरून आलं होतं.

"ढग आल्यात," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"रोज येत्यात. मेंबरावानी. गडगडत्यात आन निघून जात्यात."

मला हसू आवरेना. "मला पाऊस आवडतो," मी म्हणाले.

"मला—"

"अं हं! आदी माझं म्हननं सांगा. तुमचीच अट."

तो चपापला. मग हात मागं बांधून, सभेत उभं राहावं तसा उभा राहिला. "छबूबाई म्हनत्यात, त्यांना पाऊस आवडतो."

"व्हय, हेच म्हनलं मी. आता करा विरोध."

"विरोध कशाचा?" तो हळूच म्हणाला. "ठराव एकमतानं मंजूर..."

ढग नुसतेच निघून गेले. एसटी आली. मी खिडकीपाशी, तो पार मागं. गावापर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही मी. पण कुठल्या वळणावर तो खोकला, तेसुद्धा आज सांगू शकेन.

मग विहिरीचा निकाल लावायची बैठक आली. ओसरी कमी पडली, माणसं अंगणात बसली. गहिनीनाथनं वाडीचं म्हणणं मांडलं आणि विरोध करायला तात्या उठले. अटीप्रमाणं आधी त्याचं म्हणणं.

"गहिनीनाथ म्हनतो, वाडीची बाई तांबडं फुटायच्या आदी हंडा घिऊन निघती. वढा उतरती, चढती. आपल्या विहिरीवर येती, तर आपल्या बाया म्हनत्यात, हो मागं, आदी आमचं भरू दे. ती उनात उभी ऱ्हाती... घरी पोर पाळन्यात रडून झोपलेलं असतं..."

तात्यांनी गहिनीनाथकडं पाहिलं.

"व्हय, हेच म्हनलो मी," गहिनीनाथ म्हणाला. "आता तुमचं बोला, सरपंच."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मी सतरा जनांकडून हे ऐकलं हुतं रं. माझ्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं." आणि खाली बसले. "माझा विरोध न्हाई."

विहीर वाडीला गेली. हात वर झाले. काकासाहेबांनीसुद्धा केला, खांद्यापर्यंतच, पण केला.

माझा आनंद पोटात मावेना. मला वाटलं, आता आमच्यामध्ये आडवं उरलंच काय?

थोड्याच दिवसांत गहिनीनाथ आपल्या चुलत्यांना घेऊन आला. मागणी घालायला. जातीपातीचं काही आडवं येत नव्हतं, सोयरिकीत बसत होतं. दाराआड उभ्या उभ्या मी पदराचं टोक चावून ओलं केलं.

तात्यांनी चुलत्यांपुढं पान-सुपारीचं तबक सरकवलं. मग म्हणाले, "पोरा, तुझ्यात खोट न्हाई. पन आज ईर दिली आन उद्या लेक दिली, तर गाव काय म्हनल? सरपंचानं जावयाला ईर दिली. काकासाहेब आत्ताच कुजबुजतोय. मी ही सोयरीक करू शकत न्हाई."

"तात्या, पन..."

"आदी माझं म्हननं सांग. तुझीच रीत हाय."

मी मनात देवाला हात जोडले. चुकव रे! एकदा तरी वेडंवाकडं सांग...

त्यानं मान खाली घातली. आणि इतकं नीट सांगितलं, इतकं नीट... "तुमी म्हनताय, ही सोयरीक झाली तर बैठकीत जे बोलनं झालं ते लोकांना सोंग वाटंल. आत सौदा झाला आन बाहेर भाषनं झाली, असं हुईल. ईर अजून खनायची हाय, लोक काठ्या घिऊन ती बंद पाडत्याल. आन... हे तुमी बोलला न्हाई, पन तुमच्या मनात हाय... की ह्यापुढं कुनी कुनाचं म्हननं आपल्या तोंडानं सांगनार न्हाई. पुन्हा तांब्ये उडत्याल."

तात्यांचे डोळे भरले होते. "व्हय," ते म्हणाले. "हेच म्हनलो मी. आता तुझं बोल, बाळा."

तो बोलेल म्हणून मी थांबले. चुलते थांबले. तात्यासुद्धा, मला वाटतं, आशेनं थांबले होते.

"माझाबी विरोध न्हाई," गहिनीनाथ म्हणाला, आणि तात्यांच्या पाया पडून उठला.

पुढच्या महिन्यात चावडीवर नवे पत्रे बसले. बैठका आमच्या दारातून उठल्या. पंचायतीची सतरंजी न्यायला तोच आला. तात्या रानात गेलेले. सतरंजी लांबलचक, एकट्यानं घडी होईना. मी दोन टोकं धरली, त्यानं दोन. प्रत्येक घडीला एक-एक पाऊल जवळ यावं लागत होतं.

"येवढं चांगलं कशाला सांगितलंत तात्यांचं?" मी विचारलं.

"चुकलो असतो तर तात्या 'न्हाई' म्हनले असते."

"मंग पुन्हा सांगायचं! पुन्हा चुकायचं! वरीसभर चुकत बसायचं..."

तो हसला. मग हसू कुठंतरी अडकलं. "छबू... वाडीच्या बाया अजून वढा उतरत्यात."

शेवटची घडी झाली. माझ्या हातातली टोकं त्याच्या हातात गेली. बोटांना बोटं लागली, तेवढीच. सतरंजी खांद्यावर टाकून तो निघाला आणि पाठमोरा चालताना उगाच खोकला...

त्याच साली माझं लग्न झालं. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला दिलं मला. इथं पाऊस चार-चार दिवस उघडत नाही. कपडे चुलीवर वाळवावे लागतात. माझे मालक भले आहेत. भात लावून आले की आधी लेकीला उचलतात, मग पाय धुतात. मी सुखात आहे, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

वाडीच्या विहिरीला पाणी लागलं, असा निरोप तात्यांनी माणसाकरवी पाठवला होता. बाकी काही सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी पुरणपोळी केली. मालकांनी विचारलं, कशाची गं? म्हटलं, सहजच.

काल संध्याकाळी माझी बनू आणि तिच्या चुलतीची लेक करवंदांवरून भांडत होत्या. केस धरेपर्यंत आलं. मी मध्ये बसले. "बने, आधी ती काय म्हणती ते सांग. ती 'हो' म्हणाली की मग तुझं बोल."

करवंदं वाटली गेली. चुलतीची लेक पळाली. बनू माझ्या मांडीवर येऊन टेकली, ओठ जांभळे करून. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या माहेरी एक जण होते. त्यांनी."

"त्यांचं कुणाशी भांडण झालं होतं?"

"भांडण नाही गं. तुझ्या आजोबांकडं त्यांनी एक गोष्ट मागितली. आजोबा नाही म्हणाले. मग त्यांनी आजोबांचं म्हणणं अगदी बरोबर सांगितलं. आजोबा 'हो' म्हणाले."

"मग ती गोष्ट?"

"राहून गेली."

बनूनं बोटानं माझ्या बांगड्या एका बाजूला सारल्या, पुन्हा परत आणल्या.

"आजोबांचं त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "आणि आई... तुझं म्हणणं कुणी सांगितलं?"