भिंतीतला चार्जर की पिशवीतला

शिवकांताने गाडी दूध संस्थेच्या प्लगला लावली आणि दुसऱ्या मिनिटाला दूध थंड ठेवणारा बल्क कूलर गप्प झाला. आत सहाशे लिटर दूध, बाहेर वैशाखाचं ऊन, आणि संस्थेची सचिव तीच. चारा छावण्यांतून दुधाचे नमुने आणायला घेतलेली ही जुनी, विजेवरची गाडी पहिल्याच दिवशी दूध नासवणार होती.

धोंडीराम वायरमन धावत आला. आजोबांचं नाव उचललेला, पण वय जेमतेम तिशीचं. त्याने बोर्डातला खटका वर केला, कूलर पुन्हा गुरगुरला. मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मॅडम, ही म्हैस कूलरच्या दावणीला न्हाई बांधायची. घरी बघू हिची सोय."

तिच्या घरी येऊन त्याने दोन सोयी सांगितल्या. भिंतीत पक्का बसवायचा मोठा चार्जर, नाहीतर साध्या जाड प्लगला लावायचा, पिशवीत मावणारा लहान. कोणता घेऊ, असं तिने विचारलं, तर त्यानेच उलट विचारलं.

"ह्या घरात किती वर्षं ऱ्हानार हाव तुमी?"

सरळ धंद्याचा प्रश्न होता. पण ती गोंधळली. संभाजीनगरचं स्थळ आलं होतं, मुलाचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट, आणि रविवारी होकार कळवायचा होता. गेली तर संस्था सुटणार. राहिली तर आई, साखराबाई, महिनाभर बोलणार नाही. चार्जर कोणता, हे तिला ठरवता येईना… आणि दुसरं तर त्याहून येईना.

आधी अर्थिंग हवं होतं, त्याशिवाय गाडी करंटच घेत नाही. त्याने अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, पण तीन वर्षांच्या कोरड्या जमिनीत ओलच नसल्याने मीटर काही मानेना. रोज दोन बादल्या पाणी ओतावं लागेल, असं तो म्हणाला आणि साखराबाई उसळल्या. टँकर आठ दिवसांनी येतो, माणसं तांब्याभर पाण्यात तोंड धुतात, आणि हा मातीला पाणी पाजायला निघाला!

दुसऱ्या सकाळी तो मोटारसायकलला कॅन बांधून आला. पाण्याला साबणाचा वास होता, वर थोडा फेस.

"हे कुठलं?"

"माझंच," तो खाली बघत म्हणाला. "घमेल्यात बसून आंगूळ केली… वाया कावून घालवायचं?"

तिला हसू आवरेना. मग रोजच तो येऊ लागला, कॅन रिकामा करी, माती गटागट पाणी पिई, आणि तेवढा वेळ दोघं त्या खड्ड्याकडे असे बघत बसत, जणू तिथे काहीतरी उगवणार आहे. तिची वेणी आता सात वाजायच्या आत घातलेली असे. कशासाठी — तिलाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी मीटरने मान डोलावली.

"पिशवीतला घ्या," धोंडीराम म्हणाला. आवाज कोरडा होता. "स्थळ आलंय म्हनतेत. भिंतीतला हितंच ऱ्हाऊन जाईल."

"तुमाला काय वाटतं?"

"मी वायरमन, मॅडम. मला वाटून काय…"

तिला राग आला, रडूही आलं, आणि नेमकं काय आधी आलं ते कळेना. गल्लीच्या टोकाला त्याच्या घराची पत्र्याची कड दिसत होती. तिथून संस्था चार पावलांवर. मग तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"तुमच्या घरी विजेचा लोड कितीचा हाय?"

"दोन किलोवॅट," तो सवयीने बोलून गेला. "मोठा चार्जर न्हाई चालायचा त्याच्यावर." मग त्याने हातातला कॅन खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. कान लाल झाले होते.

"मग वाढवून न्हाई मिळत?"

"मिळतो की… पन अर्ज करावा लागतो. दोन ठिकानी."

"कुठं कुठं?"

"एक वीज बोर्डाच्या हापिसात," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "आन् एक… तुमच्या आईकडं."

ती उठली, दारात जाऊन तिने हाक मारली, "आई, जरा बाहेर ये. ह्यांना काहीतरी इचारायचंय."