आशाबाईंची पकड

हे घडलं तेव्हा घरात वीसेक माणसं होती. कोणालाही विचारा, खरं तेच सांगतील.

फक्त रागिणीला विचारू नका...

गाव पातूर. गेल्या वर्षीचा मे महिना. भर दुपार.

रागिणीला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली होती. पण सासू, आशाबाई, अंथरुणाला खिळलेल्या. आईचं झालं की जा, असं नवरा नितेश म्हणाला होता. तिचा सगळा जीव त्या जाण्यात अडकलेला.

त्या दुपारी आशाबाईंनी तिचं डावं मनगट धरलं. बांगड्यांसकट.

"मले सोडून जाऊ नोको वं."

आणि गेल्या.

हात तेव्हाच सोडवायचा. पण शेजारच्या बाया जमल्या. ज्यांनी या दोघींची भांडणं भिंतीला कान लावून ऐकली, त्याच आता सासू-सुनेचं प्रेम पाहून डोळे पुसत होत्या. एकीनं तर फोटो काढून स्टेटसला ठेवला. अशात हात कसा काढणार? परतवाड्याहून नणंद येईपर्यंत रागिणी तशीच बसली.

वीज गेली. कूलर थांबला.

रागिणीनं हात हलवून पाहिला...

बोटं लाकडासारखी झाली होती.

शेजारचे डॉक्टर ललित आले. मेल्यावर स्नायू ताठतातच, म्हणाले. "धराले नाही, सोडाले ताकद लागते, वयनी. आता आईत ते कुठून येईन?" जोर लावून उघडलेलं बोट परत मिटत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

नितेशनं एकेक बोट उघडलं.

कट्... कट्...

रागिणीनं हात ओढून घेतला.

तिरडीवर घेताना पाहिलं, तर मूठ परत मिटलेली. आत मनगटाएवढी पोकळी.

डॉक्टर चप्पल विसरून घरी गेले.

तेरवी झाल्यावर रागिणी एसटीत बसली. गाडी आदळली की उजव्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. डाव्या हातातल्या...

वाजल्याच नाहीत.

अकोल्याला गाडी बदलायला उठली, तर डावा हात सीटवरून उचलेना. शेवटी नितेश येऊन तिला घरी घेऊन गेला. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली.

तिची समजूत काढायला म्हणून एकदा नितेशनं तिच्या मनगटावरून, नसलेली बोटं सोडवल्यासारखं केलं. हसत हसत.

कट्...

त्यानंतर तो त्या हाताला शिवलेला नाही.

रागिणी अजून पातूरलाच आहे. पोळ्या लाटते तेव्हा एकाच हाताच्या बांगड्या वाजतात.

डॉक्टरांना तिनं एकदाच विचारलं, हे सुटते तरी कधी? त्यांनी खाली पाहतच सांगितलं, अंग सडाले लागलं की आपोआप सुटते.

आशाबाईंची तर त्याच संध्याकाळी राख झाली होती.