ताई, आहेस ना?

“ताई, आहेस ना?”

दुपारचे साडेतीन. दाराबाहेर मुकुल, आत कडी लावून बसलेली देवयानी... आणि तासाभरात सहाव्यांदा तोच प्रश्न! प्यायला की धाकट्या भावाला एवढंच सुचे. ती बँकेत असली की तो तिथेही फोन करून हेच विचारी. “मॅडम, हजेरी द्या!” म्हणत सहकाऱ्यांच्या टेबलाटेबलांवर हसू पिके, आणि ती फोन कापून टाकी. आईबाबांच्या मागे त्याच्यासाठी तिने लग्न केलं नाही, बाळकुमच्या या दोन खोल्यांत बावीस वर्षं काढली, नातेवाइकांचं येणंजाणंसुद्धा तुटलं... त्या साऱ्या त्यागाचं हेच का फळ?

“नाही! मेले मी!” ती ओरडली.

बाहेर धपकन आवाज झाला. तिने दार उघडलं. चव्वेचाळीस वर्षांचा मुकुल जमिनीवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला माजिवड्याच्या रुग्णालयात नेलं.

“दारू हा एक आजार, कानात आवाज येतात तो दुसरा,” डॉक्टर अंतरा म्हणाल्या. “एकाला सोडून दुसरा बरा होत नाही. दोन्हींवर एकत्रच उपचार करू. पण आवाजांवरच्या गोळ्या तर वर्षभरापूर्वी लागू पडल्या होत्या. मग बंद कोणी केल्या?”

“मीच,” मुकुल खाली मान घालून म्हणाला. “कंटाळलो.”

देवयानीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या चंपाषष्ठीला त्याने दारू सोडायला बेलभंडार उचलला, तेव्हा गोळ्यांची पाकिटं तिनेच कचऱ्यात टाकली होती. ‘झोप आणणारी ती नशाच. दारू नाही, गोळीही नाही. तुला माझी शपथ, मोडलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!’ आणि पुढे तो पुन्हा प्यायला लागल्यावर साऱ्यांना सांगितलं होतं, गोळ्या त्यानेच सोडल्या...

इथेही गप्प राहता आलं असतं. त्यागाची मूर्ती तशीच अभंग राहिली असती!

“तो खोटं बोलतोय,” ती म्हणाली. “मी बंद केल्या. माझी शपथ घालून.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मुकुल पुटपुटला, “आवाज थांबेनात गं. गोळी घेतली तर तू जाशील... म्हणून दारू घेतली. मग आठवायचं, शपथेत दारूपण होती. जाम टरकायचो. म्हणून विचारायचो.”

तो दाखल झाला. ती एकटीच परतली. एकच ताट घेतलं, ते तसंच झाकून ठेवलं. दाराची कडी मात्र तिने लावली नव्हती... आता ठोठावणारं कोण होतं?

साडेसातला फोन वाजला.

“ताई, सिस्टर समोर उभ्या आहेत. गोळी हातात आहे. आधी ‘सुटली’ म्हण.”

“सुटली रे राजा... माझी शपथ सुटली! घे.”

पाण्याचा घोट ऐकू आला.

“ताई... आहेस ना?”

“आहे रे,” ती म्हणाली, आणि या वेळी तिने फोन ठेवला नाही.