राखून ठेवलेली जागा

माझी खुर्ची पळवणाऱ्या माणसाच्याच मी प्रेमात पडले, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला पटत नाही.

पिट्सबर्गात बर्फ पडला, की फावड्याने ज्याने रस्त्याकडेची जागा मोकळी केली, ती त्याची. गाडी घेऊन कामाला जाताना तिथे स्वयंपाकघरातली एखादी जुनी खुर्ची ठेवायची, बस्स. कायदा नाही, पाटी नाही. पण त्या खुर्चीला कुणी बोट लावत नाही.

त्या दिवशी मी दुकानातून परतले. कपडे दुरुस्तीचं माझं छोटंसं दुकान आहे. बघते तर काय, माझ्या जागेवर भलाथोरला निळा ट्रक आणि खुर्ची गायब! माझ्या तोंडून जे निघालं, ते लिहिण्यासारखं नाही...

समोरच्या घराचं दार उघडलं. अख्खं दार व्यापून एक माणूस उभा होता आणि त्याच्या हातात माझी खुर्ची.

"अहो, ही तुमची का? मला वाटलं, कुणीतरी टाकून दिली. एक पाय डुगडुगत होता, म्हणून... बसवून आणला."

"टाकून दिली? साफ केलेल्या जागेत, अशी मधोमध?"

"मी अलाबामाचा, तिथे बर्फ कुठला पडायला! इथे नऊ वर्षं खेळलो, पण राहायचो गावाबाहेर, गॅरेजवाल्या घरात. या गल्लीत कालच आलो."

तो खुर्ची ठेवायला पाठमोरा वाकला—आणि मी त्याला ओळखलं!

"लेम्युएल टॉलिव्हर!"

तो चकित होऊन वळला. "माझा चेहरा तर कुणालाच आठवत नाही..."

"चेहरा कोण बघतंय? नऊ वर्षं दर रविवारी टीव्हीवर तुमची ही बाजूच तर पाहिली!"

तो इतका हसला, की भुवयांवरचा लाकडाचा भुसा गळून पडला. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मधला खेळाडू वाकून, दोन पायांमधून चेंडू मागच्या गड्याच्या हातात देतो आणि पुढच्याच क्षणी समोरून येणारी धडक अंगावर घेतो. टाळ्या मागच्याला. लेमने नऊ वर्षं तेच केलं. आता गुडघे गेले होते, बोटं वाकडी झाली होती आणि तो लोकांच्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचा.

चर्चच्या तळघरात आम्ही बायका दर शुक्रवारी पिरोगी करतो. मैद्याच्या पारीत बटाट्याचं सारण भरायचं, कडा दाबून बंद करायच्या. पुढच्या शुक्रवारी तोही आला.

"बोटं वळत नाहीत हो माझी."

"आण इकडे," मी म्हणाले. कधी 'तू' म्हणाले, माझं मलाच कळलं नाही. त्याचा पंजा माझ्या दोन्ही हातांत मावेना. "अशी... हळू. चिमटीत धर."

"पिरोगी की तुझा हात?"

"आधी पिरोगी!"

शेजारच्या ऑल्गाकाकूंनी पीठ चाळता चाळता नको तितक्या मोठ्याने खोकून दाखवलं.

त्याच हिवाळ्यात, नाताळ सरल्यावर, तो माझ्या दारात आला. टोपी हातात.

"रोझॅन, मी बहिणीकडे चाललोय. अलाबामाला. कदाचित... कायमचाच."

"का?"

"परवा माझ्याच घराचा रस्ता चुकलो. नऊ वर्षं डोकं आपटलंय मी. बरोबर खेळलेले दोघं आता बायकोलाही ओळखत नाहीत." त्याने टोपी चुरगळली. "तुझ्यासमोर मी तसा होऊ नये..."

"ते मी ठरवायचं की तू?"

त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि पायऱ्या उतरला. सकाळी ट्रक गेला.

दोन दिवसांनी दणकून बर्फ पडला. आधी माझी जागा साफ केली. मग फावडं घेऊन समोर गेले, त्याचीही केली आणि त्याने पाय बसवलेली ती खुर्ची तिथे नेऊन ठेवली.

ऑल्गाकाकूंनी खिडकी उघडली. "अगं वेडे, तो येणार आहे का?"

"माहीत नाही, काकू."

"मग?"

"आला, तर जागा नको का?"

पुन्हा बर्फ पडला, पुन्हा साफ केली. कंबर मोडली, पण खुर्ची हलली नाही. एकाने हात घातला, तर ऑल्गाकाकूंनी खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला!

मार्चमधल्या एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर निळा ट्रक रस्त्यात मधोमध उभा, मागे गाड्यांचे भोंगे, आणि लेम खुर्चीसमोर नुसताच उभा. मी कोट न घालताच धावले.

"कुणाची आहे ही जागा?" त्याने विचारलं.

"तुझी."

"इतके दिवस... तू?"

"बहिणीकडे चार घास कमी पडले का, परत यायला?"

"बहीण म्हणाली, नऊ वर्षं मागे न बघता चेंडू देत आलास, तेव्हा मागे हात आहेत, हे कोण सांगत होतं तुला?" तो थांबला. "डॉक्टर म्हणतात, थोडं विसरायला होईल. किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. तरी चालेल तुला, रोझॅन?"

मागचा गाडीवाला ओरडला, "अहो, हो म्हणा एकदाचं! मला कामावर जायचंय!"

मी खुर्ची उचलली. "ये," म्हणाले. "लाव गाडी."

त्याला बरीच वर्षं झाली. लेम कधी मिठाची बरणी कुठे ठेवली ते विसरतो, कधी आजचा वार. तो वार मी सांगते आणि तो माझं सगळं डुगडुगणारं बसवून देतो. ती खुर्ची आता आमच्या टेबलाशी असते. बर्फ पडला, की तेवढी बाहेर जाते.

आणि रोज रात्रीचं जेवण झालं, की तो मोरीशी वाकून बशा धुतो आणि धुतलेली बशी मागे वळून न बघता मागे देतो. एकदाही विचारत नाही, मी तिथे आहे का म्हणून.

केवढं दिलंय मला या माणसाने! मी बशी घेते, पुसते आणि पुढचीसाठी हात तयार ठेवते.