स्वतःचं एक वाक्य

राज्याच्या सीमेलगत, हिंदी मुलखातल्या शाहपूरच्या बसस्टँडवर नवाकोरा मराठी फलक लागला होता. श्रावणाची भुरभुर चुकवत आडोशाला उभ्या असलेल्या वैजयंतीनं तो वाचला आणि ती एकटीच खुदकन हसली. केळीच्या बागेच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं – ‘टिश्यू कल्चरची उत्तम केलेली रोपे’. हिंदीतल्या ‘केले’चं, म्हणजे केळ्यांचं, कुणीतरी मराठीत सरळ क्रियापदच करून टाकलं होतं!

“एवढं हसू आलं?” शेजारून आवाज आला.

“मग काय! कुठल्या गाढवानं लिहिलंय, कोण जाणे.”

“लालबागच्या,” तो उंच, सावळा तरुण म्हणाला. “सध्या तुमच्या समोरच उभं आहे.”

वैजयंतीनं जीभ चावली. तो मात्र मोकळं हसत होता.

“मी भूपेंद्र. हिंदी पक्की आहे माझी, मराठी मात्र घरात बोलतो तेवढीच. तुमचं चांगलं दिसतंय.”

“एम.ए. केलंय मराठीत.”

“केलंय... की केळंय?”

आता हसू आवरणं तिच्या हातात राहिलं नाही.

दिवाळीच्या आत ती तापीकाठच्या शहरात, लालबाग भागातल्या त्याच्या ऑफिसात रुजू झाली. बियाणं-खतांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं भूपेंद्र हिंदीत लिहायचा आणि रावेर-जळगावकडच्या शेतकऱ्यांसाठी ती मराठीत. टेबलं समोरासमोर. शब्द अडला की तो पेनाचं टोपण चावत छताकडे बघत बसायचा. मग एकदम डोळे लकाकायचे. त्या लकाकीसाठी वैजयंती आपलं काम थांबवून वाट बघायची.

“‘मुरझाना’ला काय म्हणशील?” एकदा त्यानं विचारलं. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

“फूल कोमेजतं. केळ मान टाकते.”

“यार, काय मस्त! आणि माणूस?”

“माणूस...” तिनं हळूच वर पाहिलं, “काम सोडून समोरच्याकडे बघत बसतो.”

पुढच्या वर्षी मालक शालिग्रामशेठनी एआय आणलं. सुरुवातीला त्याच्या चुका वाचून दोघं पोट धरून हसले. चुका दुरुस्त करत गेले, तशा त्या कमी होत गेल्या. एके दिवशी पानभर मजकुरात वैजयंतीला दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. तिनं जड मनानं पेन खाली ठेवलं. भूपेंद्रला मात्र हलकं वाटत होतं. आता शब्द अडला की तो छताकडे बघायचा नाही. पत्र असो, निरोप असो, आईच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत, तो मोबाइलला विचारायचा. “मावा जलेबी खायची की दराबा?” असं मिठाईच्या दुकानात तिनं लाडानं विचारलं, तेव्हाही त्याचा अंगठा आधी मोबाइलवर गेला. ती हसली खरी... पण जलेबी गोड लागली नाही.

मग शेठनी भूपेंद्रला सांगितलं, आता दोघांपैकी एकच पुरे. दोघांच्या कामाचा अहवाल दे. तो अहवाल वाचून त्यांनी वैजयंतीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी नदीवर, राजघाटाच्या पायरीवर तिनं विचारलं, “काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?”

“वाईट नाही लिहिलं, सच्ची.”

“मग?”

“मी... लिहिलंच नाही. दोघांचं काम एआयमध्ये टाकलं, त्यानं लिहून दिलं. घाई होती गं.”

“वाचलंस तरी?”

तापीचं पाणी संथ चाललं होतं. “वरवर,” तो म्हणाला.

स्वतःची नोकरी वाचवायला त्यानं तिच्याविरुद्ध लिहिलं असतं, तर ती कडाकडा भांडली असती. पुढेमागे माफही केलं असतं. इथं भांडायचं कुणाशी?

“आपण लग्न करू,” भूपेंद्र एकदम म्हणाला. “मी उद्याच तुझ्या घरी येतो.”

इतकं होऊनही तिला ते हवंहवंसं वाटलं.

“का हवी मी तुला? एकच वाक्य सांग. तुझं.”

तो आभाळाकडे बघू लागला. तिनं त्या जुन्या लकाकीची वाट पाहिली. आणि त्याचा हात आपसूक खिशाकडे... मोबाइलपर्यंत गेला. त्याला ते उमगलं, तसा त्यानं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“सुचत नाहीये गं,” त्याचे डोळे भरून आले. “मनात खूप आहे. पण सांगायला गेलो की... काहीच हाती लागत नाही.”

तिनं ओढणीनं त्याचे डोळे पुसले. तो खरंच बोलत होता. ‘तुला तरी तो का हवा?’ असं तिनं मनात स्वतःला विचारून पाहिलं. उत्तराची वाट बघत ती बसून राहिली. आत सगळं शांत होतं, कुणीतरी बाहेरून वाक्य पुरवेल म्हणून थांबल्यासारखं. त्या शांततेनं ती हादरली.

“येऊ नकोस घरी,” ती कशीबशी म्हणाली आणि उठली.

शाहपूरची बस सुटायच्या बेतात होती. वैजयंती खिडकीशी बसली. तेवढ्यात भूपेंद्र हातात मोबाइल घेऊन धावत आला आणि बंद काचेपाशी उभा राहून बोलू लागला. बराच वेळ बोलत होता, कुठेही न अडखळता. आवाज आत येत नव्हता. काच सरकवायला तिनं हात उचलला...

बस हलली, तरी तो हात तसाच होता. तो जे बोलतोय ते फार सुंदर असेल, याचीच तिला भीती वाटत होती.