ठशातल्या गवताची उंची

एका चौरस मीटरमध्ये त्या सकाळी हे होतं: बावीस जातींच्या वनस्पती, तीन गोगलगायी, बिअरच्या बाटलीचं एक झाकण आणि एक बूट. बुटात पाय होता.

मी गुडघ्यांवर बसले होते, वही मांडीवर. ड्रेस्डेनमध्ये, एल्बे नदीकाठच्या गवताळ पट्ट्यात माझ्या अशा बारा जागा आहेत. प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांत लोहचुंबक पुरलेले, म्हणजे दर वर्षी नेमकी तीच जागा सापडते. वर पांढऱ्या पाइपची चौकट ठेवायची आणि आत काय उगवलंय ते मोजायचं. माझी पीएचडी एवढीच. आत कुणी पाय ठेवायचा नाही. मीसुद्धा.

बुटाचा मालक फोनवर बोलत होता. "अगं आई, नदीवर आलोय... नाही गं, पोहायला नाही. नुसता उभा आहे."

"चुकीच्या जागी उभे आहात," मी मराठीत म्हटलं. "पाय उचला. सरळ वर. फिरवू नका."

त्याने पाय सरळ वर उचलला आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून फोनमध्ये म्हणाला, "आई, नंतर करतो. इथे गवतातून कुणीतरी मराठी बोलतंय."

तो कपिल. नाशिकचा. इथल्या एका चिपच्या कारखान्यात मोजमाप विभागात होता. मे महिना असूनही आभाळ राखेसारखं होतं, बारीक पाऊस चष्म्यावर बसत होता, आणि तो गेला नाही.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"नोंद." मी लिहिलं: चौकट सात, बुटाचा ठसा, लांबी अठ्ठावीस सेंटीमीटर. "ठसा भरून येईपर्यंत गवताची उंची मोजत राहायची."

मी घडीची लाकडी पट्टी उघडली. इथे तिला झोलस्टॉक म्हणतात, प्रत्येक सुताराच्या खिशात असते. तो हसला. "याने? मी नॅनोमीटर मोजतो."

"तुमच्या चिपवर कुणी बूट ठेवत नसेल."

"आणि एकदाच मोजलंत?" तो उकिडवा बसला, चौकटीच्या बाहेर, अगदी काळजीपूर्वक. "एकदा मोजणं म्हणजे मोजणं नव्हे. किमान तीनदा."

त्याचं बरोबर होतं, आणि मला त्याचा रागही आला. मी तीनदा मोजलं. ठशात चार सेंटीमीटर. बाहेर एकतीस.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. "पेशंट कसा आहे?"

"सुधारतोय. बावीस."

"मी काही आणायला हवं होतं का? फळं वगैरे?"

तो मग मधल्या वारीही येऊ लागला, कामावरून सुटून, ट्रामने. एकोणिसाव्या दिवशी ठशातलं गवत बाहेरच्या गवताइतकं झालं. मी वहीत तशी नोंद केली आणि पट्टीची घडी घातली. कपिल बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला.

"म्हणजे आता यायला कारण नाही," तो म्हणाला.

मग त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून एक चार घड्यांचा कागद काढला.

त्याचं काम ऑक्टोबरअखेर संपणार होतं. नवीन नोकरी मिळाली नाही तर व्हिसाही संपणार होता. छत्तीस अर्ज केले, होकार एकच आला: कॅनडातलं सस्कटून नावाचं शहर, शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारी यंत्रं बनवणारी कंपनी. त्यांनी सोबत पाठवलेला कागद होता — शहरात येणाऱ्यांनी कराव्यात अशा दहा गोष्टी.

"प्रेअरी म्हणतात त्या भागाला," तो म्हणाला. "क्षितिजापर्यंत गवत. मला गवतातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. आल्झो... म्हणजे, इथेच रंगीत तालीम करूया का? एकेक करून?"

मी कागद वाचला. नदीकाठची वाट चालणं. पूल मोजणं. धरणाच्या भिंतीवर बसलेले पेलिकन पाहणं. बायसनचा कळप. कनू वल्हवणं, दोघांसाठी. जंगली बेरी तोडणं. गोठलेल्या नदीच्या काठी स्केटिंग...

"हे स्केटिंग इथे उन्हाळ्यात कसं करणार?" मी विचारलं.

"म्हणजे बाकीच्या नऊला होकार समजू?"

तर आम्ही नदीकाठची वाट चाललो, दोन रविवार, दोन्ही वेळा ढग खाली उतरलेले. पेलिकनऐवजी एक राखी बगळा मिळाला. चाळीस मिनिटांत तो एकदाही हलला नाही. बायसनऐवजी नदीकाठी चरणाऱ्या मेंढ्या. कपिलने एकशे बारा मोजल्या, मी एकशे चौदा. धनगर जर्मन होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, एकशे तेरा. "गेनाऊ, अगदी बरोबर," कपिल म्हणाला, "सरासरी."

बेरीचं मात्र खरंच जमलं. सस्कटूनला ज्या बेरीचं नाव आहे तिची सख्खी चुलतबहीण इथल्या बागांमध्ये शोभेसाठी लावतात. लोकांना ती खातात हे माहीतच नसतं. जूनअखेर ट्राम स्टॉपमागच्या झुडपावर जांभळी फळं लटकली होती. मी एक त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने खाल्लं, डोळे मिटले.

"कशी आहे?"

"पेरूसारखी नाही. करवंदासारखी नाही. बदामाचा वास येतो." डोळे उघडून तो म्हणाला, "तिथे ही खाताना मी काय करायचं गं, ओवी?"

तोपर्यंत तो मला 'तुम्ही' म्हणत होता. 'गं' पहिल्यांदा आला, आणि आम्ही दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

"थुंकायचं बी," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये मोठ्या बागेतल्या तळ्यावर कनूऐवजी भाड्याची होडी घेतली. पाणी शिशासारखं जड दिसत होतं. कपिल वल्हवायचं थांबला. होडी आपोआप हळूहळू फिरू लागली.

"कागदावर लिहिलंय, दोघांसाठी," तो म्हणाला.

"तिथे भाड्याने मिळत असेल दुसरा माणूस."

"तुझं मोजणं अजून किती दिवस?"

"दोन उन्हाळे. एक जरी चुकला तर आधीचे दोन वाया."

"आणि समज... कुणी सांगितलं की येऊ नकोस इतक्यात, पण पुढे कधीतरी..."

"कुणी?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "कुणीतरी."

मला तेव्हा बोलायचं होतं. थांब, असं नाही. तो थांबू शकत नव्हता. 'हो, येईन,' एवढंच. पण मला अंदाज सांगायला येत नाही. आकडा हातात असल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही, आणि त्या दिवशी माझ्याकडे आकडा नव्हता. मी म्हटलं, "होडीचा तास संपला." अजून नऊ मिनिटं होती.

परतताना ट्राममध्ये तो काचेवरचे थेंब बघत होता आणि मी ते मोजत होते.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला सकाळी तो नदीवर आला. धुकं इतकं होतं की पूल दिसत नव्हता, नुसत्या गाड्यांचा आवाज. पाठीवर सॅक. दुपारी फ्रँकफर्टची गाडी, तिथून विमान.

"आबमेल्डुंग केलं काल," तो म्हणाला. "शहर सोडत असल्याची नोंद. बाईंनी शिक्का मारला. कागदोपत्री मी इथे राहतच नाही आता."

"मग बोलतंय कोण?"

"धुकं."

मी चौकट सात मांडली होती. सप्टेंबरच्या कापणीनंतर गवत पुन्हा वाढलं होतं, बारा सेंटीमीटर, गोठलेल्या दहिवराने पांढरं. तो नेहमीप्रमाणे चौकटीपासून हातभर लांब उभा राहिला. निरोपाचं काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

"पाय ठेव," मी म्हटलं.

"कुठे?"

"आत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मापं घेणारा माणूस होता. ते वाक्य मला किती महाग पडलं, हे त्याला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळलं असावं.

"ओवी, डेटा खराब होईल."

"हो."

"तुझे प्रोफेसर विचारतील."

"नोंद करेन. आता गवत वाढत नाही. थंडीत ठसा तसाच राहतो... बरेच महिने."

त्याने उजवा पाय उचलला आणि हळूच, टाचेपासून बोटांपर्यंत, चौकटीत ठेवला. त्याच जागी. दहिवर चिरडल्याचा बारीक आवाज झाला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

मी सांगितलं नाही. त्याने माझी लोकरीची टोपी कानांवर नीट ओढली, हात तिथेच राहू दिला. त्याची बोटं थंड होती. धुक्यातून चर्चच्या घंटा वाजल्या, थांबल्या. शेवटी त्यानेच घड्याळ पाहिलं.

"दर आठवड्याला आकडा कळव," तो म्हणाला. "तीनदा मोजून."

मी कळवत राहिले. नोव्हेंबरमध्ये ठशात तीन, बाहेर अकरा. त्याचं उत्तर दीड पानाचं असायचं: पूल मोजले, आठ सापडले, दोन बाकी. डिसेंबरमध्ये ठशात बर्फ साचला, बुटाच्या आकाराचा. त्याने गोठलेल्या नदीकाठी स्केटिंग करतानाचा फोटो पाठवला. यादीतलं एक राहिलं होतं ते. फोटो कुणी काढला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. जानेवारीत चार ओळी. फेब्रुवारीत: "थंडी उणे चौतीस. कामं खूप. तू बरी ना?" मी लिहिलं, बरी. ठशात तीन, बाहेर दहा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आकडा पाठवला, त्यावर नुसत्या निळ्या खुणा आल्या. तिसऱ्या आठवड्यातही आल्या.

एप्रिलच्या अठरा तारखेला सकाळी मी चौकट सात मांडली. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. गुडघ्यांवर बसले, पट्टी उघडली.

तीनदा मोजलं. ठशात: चौदा सेंटीमीटर. बाहेर: चौदा सेंटीमीटर.